खडक सोडला

अंघोळीचं पाणी आजही गार होतं.

मुक्याने पातेल्यात बोट बुडवलं, बाहेर काढलं आणि पँटला पुसलं. शेगडी पेटवलेलीच नव्हती. पहाटे चारपासून तो होडीत वाकलेला. कोपरांवर मीठ सुकून पांढरं झालं होतं आणि दोरीने कापलेल्या पेरांत ते झोंबत होतं. पूर्वी या वेळेला मागच्या दाराशी वाफाळतं पातेलं असायचं आणि शेजारी विसणाच्या गार पाण्याने भरलेली बादली. आता दोन्हींत गारच पाणी होतं. तो दगडावर बसला आणि गार पाणीच अंगावर घेऊ लागला. पाचव्या मगाला दात वाजायला लागले.

"आलात पण?" आतून मुलीने विचारलं.

"दिसत नाही का?"

"रेडिओवर एक वाजता म्हणालात, खडक सोडला. खडकावरून यायला पाच तास. मी सहाचं धरलं होतं."

"वारा मागून होता."

"आठ महिने मागूनच आहे वारा," मुलगी म्हणाली.

आठ महिन्यांपूर्वी त्याची बायको गेली होती. तेव्हापासून घरात हे दोघंच. मुलगी बंदरावरच्या संशोधन कचेरीत मोजणीदार होती. आदल्या दिवशी उतरलेला मासा बर्फात राहायचा आणि सकाळी ती तो फळीवर आडवा करून थोबाडापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंत मोजायची. दुपारी घरी यायची. म्हणजे पाणी ठेवायला ती घरात होती. तरी ते गार होतं.

मुका हे बंदराने ठेवलेलं नाव. तसा तो गप्पिष्ट माणूस. हवा, इंजिन, गुडघेदुखी, कशावरही तासभर बोलेल. फक्त मासा कुठे लागला एवढं त्याच्या तोंडून कधी कोणी काढू शकलं नव्हतं. अर्थात ते कोणीच सांगत नसे. बावीस होड्यांच्या त्या बंदरात कुठे गेला होतास असं विचारलं की एकच उत्तर यायचं, खडकावर. विचारणाऱ्यालाही ते माहीत असायचं, म्हणून तो पुढे विचारत नसे. खरा खडक दक्षिणेला पाच तासांवर होता आणि तिथे काही मिळत नव्हतं.

खरी जागा होती पाठ. उत्तरेला तीन तासांवर समुद्राचा तळ म्हशीच्या पाठीसारखा वर आलेला होता. तिथे गार पाणी उसळी घ्यायचं, त्यामागे बारीक मासळी यायची आणि तिच्यामागे टूना. निम्म्या होड्या तिथेच गळ टाकायच्या. समोर दुसरी होडी दिसली की दोघंही मान फिरवायचे. संध्याकाळी बंदरात भेटल्यावर एकमेकांना विचारायचे, "काय, खडक कसा होता?"

कचेरीने जेव्हा प्रत्येक फेरीचा फॉर्म भरायला लावला, तेव्हा 'मासा कोठे पकडला' या रकान्यातही सगळ्यांनी तेच लिहिलं. फॉर्म बंदराच्या खिडकीत उघड्या खोक्यात पडायचे, कोणीही चाळून बघावं. मग दुसरं काय लिहिणार? मुक्याचे फॉर्म त्याची बायको लिहायची. तिचं अक्षर मोठं, सुटं. त्या रकान्याशी आली की ती पेन थांबवून विचारायची, "खडकच लिहू ना?"

"खडकच."

वीस वर्षं.

कचेरीने त्या कागदांवरून पुढे एक नियम काढला. लहान मासा खडकावर सापडतो, सबब वर्षातून तीन महिने खडक बंद. ती सूचना फळ्यावर लागली त्या दिवशी बंदरावर लोक पोट धरून हसले होते. मुक्याचा मेहुणा तर तीन दिवस ज्याला त्याला म्हणत होता, "आता आपण जगायचं कसं हो?"

हा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, मुक्याच्याच होडीवर काम करायचा. त्या गार अंघोळीच्या दुसऱ्या दिवशी पाठीवर पहिला मासा त्याच्याच दोरीला लागला. दोरी हातातून सरसरत गेली, रबरी बोटमोज्यातून धूर निघेल असं वाटलं, आणि मग एकदम ढिली पडली.

"पोरगंच आहे," मेहुणा म्हणाला. दहा वर्षांपूर्वी एक मासा ओढायला दोघं लागायचे आणि अर्धा तास जायचा. आता एक हात पुरत होता.

त्याने आकडा मारून मासा आत घेतला. हातभर लांब. फळीवर तो शेपटीने ठोके देत राहिला, मग मुक्याने डोक्यात टोचा घातला तसा थांबला. कल्ल्यामागे कापून त्याने रक्त जाऊ दिलं. तेव्हा दुसऱ्या पंखाशी पिवळं काहीतरी दिसलं. बोटभर लांब प्लॅस्टिकची नळी, तिच्यावर नंबर.

"घ्या दाजी, दहावी टोपी!" मेहुणा म्हणाला.

संशोधनवाले मासे पकडून, खूण टोचून परत सोडत. खूण आणून दिली, जागा आणि तारीख सांगितली की कचेरी टोपी द्यायची. मुक्याच्या घरी खिळ्यावर नऊ टोप्या होत्या. नऊच्या नऊ वेळा त्याने सांगितलं होतं, खडक.

"या नळीवर आणखी लिहिलंय. पोटात यंत्र आहे म्हणतात," मुका म्हणाला.

"बॉम्ब तर नाही ना?"

त्या दिवशी अकरा मासे मिळाले. अकराच्या अकरा लहान. एक वाजता मुक्याने रेडिओ उचलला आणि सवयीने म्हणाला, "खडक सोडला." मेहुण्याने इंजिन चालू केलं. दोघांच्या डाव्या हाताला पाव मैलावर चष्मेवाल्याची होडी होती. चष्मेवाला पाठ करून बसला होता.

खुणेचा मासा होडीच्या मालकासमोर उघडायचा असा नियम, म्हणून दुसऱ्या सकाळी मुका होडी न काढता बंदराच्या शेडमध्ये गेला. मुलीने रबरी मोजे घातले होते. तिने मासा मोजला, छप्पन्न सेंटिमीटर. डोकं चिरून कानातला खडा काढला, तांदळाच्या कणीएवढा. झाडाच्या बुंध्यासारखी त्यावर वलयं असतात आणि त्यांवरून वय कळतं, हे तिने त्याला पूर्वी भिंगातून दाखवलं होतं.

"दोन वर्षांचाही नाही," ती म्हणाली. "याने अजून एकदाही अंडी घातली नसतील."

मग तिने पोट उघडून पेनाच्या टोपणाएवढी चकचकीत नळी काढली आणि पाण्याखाली धुतली. खुणेचा फॉर्म तिच्या पुढ्यात होता.

"कुठे पकडला?"

मुक्याने आजूबाजूला पाहिलं. बर्फ फोडणारे थांबले नव्हते, पण त्यांचे हात हळू झाले होते.

"खडकावर."

मुलीने त्याच्याकडे पाहिलं. तिचं पाहणं आईसारखं होतं. मग तिने लिहिलं.

तीन आठवड्यांनी संशोधक बाई घरी आल्या. मुलीच्या कचेरीतल्या त्या मोठ्या अधिकारी. केस आखूड, बुटांना खवले चिकटलेले. त्यांनी चहा घेतला आणि टेबलावर एक लांब कागद पसरला. त्यावर वरखाली जाणारी निळी रेघ होती.

"काका, ही तुमच्या माशाची डायरी. त्या नळीने दर मिनिटाला पाण्याची खोली आणि पाणी किती गार ते टिपलंय. शेवटचे एकशे बारा दिवस मासा एकाच जागी आहे. आणि ते पाणी इतकं गार आहे की दक्षिणेला कुठेच नसतं. असलंच तर उत्तरेला, त्या उंचवट्यावर."

मुक्याने कागदावर हात ठेवला. रेघ रोज पहाटे वर यायची आणि उजेड वाढला की खाली जायची. अगदी तसंच. त्याला ते वीस वर्षं माहीत होतं.

"पण तुमचा फॉर्म म्हणतो खडक," बाई म्हणाल्या. "आधीच्या नऊ खुणा खडकाच्या. बावीस होड्यांचे वीस वर्षांचे फॉर्म खडकाचे. मी एका माशाचं ऐकू की तुम्हा सगळ्यांचं? यंत्र बिघडलं असणार. तसाच शेरा मारतेय."

"बिघडतात का अशी यंत्रं?"

"क्वचित." त्यांनी कागदाची गुंडाळी केली. "म्हणून तर विचारायला आले. गोल जाळ्याच्या जहाजांनी त्या उंचवट्यावर परवाना मागितलाय. आमच्या नोंदीप्रमाणे तिथे लहान मासा नाही आणि तुमच्यापैकी कोणी जातही नाही. मग नाही म्हणायला मला आधार काय? शुक्रवारी शेडमध्ये सभा आहे. मोठे साहेब येतील."

मुक्याने एकदा गोल जाळं पाहिलं होतं, दूर बाहेरच्या समुद्रात. जाळ्याचा फास खालून आवळला की आतलं सगळं वर यायचं. पाठीवर तसं एक जाळं आठवडाभर फिरलं असतं, तर तिथे पुन्हा गळ टाकायचं कारण उरलं नसतं.

"काका, काही सांगायचंय?"

"नाही," मुका म्हणाला.

मेहुण्याला त्याने हे होडी धुताना सांगितलं. मेहुणा ब्रश घासत राहिला.

"दाजी, बोललात तर पाठ तीन महिने बंद. तीही ऐन हंगामात. वर खोट्या फॉर्मबद्दल परवाना जाईल. आणि घरातलीच पोरगी मोजणीला! तिला ठेवतील?"

"आणि नाही बोललो तर जहाजं."

"आली तर बघू. येईपर्यंत तरी मासा मिळेल."

"केवढा? हा एवढा?" मुक्याने तळहात दाखवला.

"बंदर तुम्हाला जगू देणार नाही," मेहुणा म्हणाला. मग थोड्या वेळाने, "आणि ताईच्या हातचे कागद आहेत ते. ती गेल्यावर तिला खोटी पाडणार का?"

ते मात्र मुक्याला लागलं. बायको सरळ बाई होती. दुकानदाराने चुकून जास्त दिलं तर भर उन्हात परत द्यायला जायची. तिलाही त्याने कधी पाठ सांगितली नव्हती. न जाणो, पाणवठ्यावर बोलता बोलता तोंडून निघेल, म्हणून. ती आजारी होती, उशीवरून मान उचलवत नव्हती, तेव्हाही फॉर्म पुढ्यात घेऊन तिने विचारलं होतं, "खडकच लिहू ना?" आणि तेव्हाही तो हो म्हणाला होता.

गुरुवारी पाणी पुन्हा गार होतं. मुका दगडावर बसला, पण पाण्याचा मग उचलला नाही.

"माझ्यावर राग आहे का तुझा?" त्याने आत बघून विचारलं.

मुलगी दारात आली. "फॉर्मवर जी जागा लिहिता त्या हिशोबाने मी पाणी ठेवते. एकला खडक सोडलात तर सहाला गरम मिळेल. चारला येणारा माणूस कुठून येतो ते मला माहीत नाही."

"माहीत आहे तुला."

"मोजणीचं काम करते मी, बाबा. पाचातून तीन वजा करता येतात. पण तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. रोज कुडकुडता, पण सांगत नाही."

मुक्याने बादलीकडे पाहिलं. नुसतं विसण.

"तुझी आई केव्हा ठेवायची पाणी?"

"तुमचा आवाज रेडिओवर आला की घड्याळ बघायची. दोन-सव्वादोन तासांनी ठेवायची. मी लहान होते तेव्हा म्हणायचे, आई, एवढ्यात कशाला, खडक लांब आहे. तर म्हणायची, तू तुझा अभ्यास कर."

मुका मनात मोजू लागला. वीस वर्षांत किती फेऱ्या झाल्या असतील? वादळात, धुक्यात, इंजिन रडत असताना. एकदाही पाणी गार नव्हतं. एकदाही. ती पाच तासांचं ऐकत होती आणि तीन तासांचं पाणी तापवत होती. आणि संध्याकाळी पेन थांबवून विचारत होती.

तो ओल्या पँटने तसाच बसून राहिला. मुलीने टॉवेल आणून त्याच्या खांद्यावर टाकला आणि आत गेली.

शुक्रवारी शेडमध्ये मासळीची खोकी उलटी घालून लोक बसले. मेहुणा पहिल्या रांगेत. मोठे साहेब पंख्याखाली, शेजारी बाई, टोकाला मुलगी कागद घेऊन. बाईंनी नोंदी वाचल्या. उत्तरेच्या उंचवट्यावर होड्यांची नोंद नाही. लहान माशाची नोंद नाही. एका यंत्राचं माप विसंगत, बहुधा बिघाड.

"सबब जहाजांना परवाना द्यायला अडचण दिसत नाही," साहेब म्हणाले. "कोणाची हरकत?"

पंखा करकरत होता. चष्मेवाल्याने चष्मा काढून शर्टाला पुसला.

"माझी आहे," मुका म्हणाला आणि उभा राहिला.

"मुका बोलला रे!" मागून कोणीतरी म्हणालं. हशा झाला.

"साहेब, यंत्र बरोबर आहे. तो मासा मी उत्तरेलाच पकडला. खडकावर मी आयुष्यात दोनदा गेलो. एकदा इंजिन बंद पडून वाहत गेलो आणि एकदा लग्नानंतर बायकोला दाखवायला."

या वेळी कोणी हसलं नाही.

"मग तुमचे फॉर्म?" साहेबांनी विचारलं.

"खोटे."

"किती?"

"सगळे."

साहेबांनी बाईंपुढचा गठ्ठा ओढून त्यातला एक जुना कागद पाहिला. "हे अक्षर तुमचं आहे?"

"बायकोचं. अक्षर तिचं, खोटं माझं. तसं लिहून घ्या. आणि पोरीला मी कधी खरं सांगितलं नाही, तेही लिहा."

मुलगी खाली मान घालून लिहीत होती. तिचे कान लाल झाले होते.

"बाकीचे कुठे जातात?"

"बाकीच्यांचं बाकीचे सांगतील. मी माझं सांगतोय."

कोणी उठलं नाही. मेहुणा उठला, पण बाहेर जायला. त्याच्या खोक्याला धक्का लागून ते आडवं झालं.

"नक्की जागा सांगता येईल?" बाईंनी विचारलं. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

मुक्याने घसा साफ केला. ही गोष्ट त्याच्या बापाने त्याला होडीत सांगितली होती, किनारा दिसेनासा झाल्यावर. "दीपगृह आणि कारखान्याची चिमणी एका रेषेत येईपर्यंत उत्तरेला जायचं. मग तीच रेघ धरून बाहेर, टेकडीवरची टाकी बुडेपर्यंत. तिथे चाळीस वाव खोल पाणी. तिथून—"

"चिमणी नाही," चष्मेवाला म्हणाला. "चिमणी धरलीस तर तू पश्चिम उताराला पडतोस. चिमणीच्या डावीकडचा मनोरा."

शेडमध्ये सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. चष्मेवाल्याने तोंड मिटलं. पण उशीर झाला होता.

"मनोरा कशाला?" तिसरा म्हणाला. "मनोऱ्याने तू खोलात जातोस. म्हणून तर तुला मोठा लागत नाही!"

"मला लागत नाही? परवा कोणाची होडी रिकामी आली होती?"

"परवा तू माझ्या दोरीवरून गेलास!"

"तुझी दोरी माझ्या जागेत होती!"

दोन मिनिटांत निम्मं शेड उभं राहून एकमेकांना खुणा सांगत होतं. साहेब टेबल वाजवत होते. बाईंनी नकाशा उलगडला होता आणि मुलगी भराभर लिहीत होती, कोणाची होडी, कोणती रेघ, किती वाव. आपण काय केलं ते लोकांच्या लक्षात आलं तेव्हा तिची तीन पानं भरली होती. मग सगळे एकदम गप्प बसले आणि सगळ्यांनी मुक्याकडे पाहिलं.

जहाजांचा अर्ज बाजूला ठेवला गेला. नाकारला नाही, नव्याने मोजणी होईपर्यंत बाजूला ठेवला. पाठ पहिल्या तारखेपासून तीन महिने बंद झाली. मुक्याचा परवाना वर आणखी एक महिना बंद, कारण कबुली पहिली त्याची. मुलीची नोकरी राहिली, पण तिला बापाचे मासे मोजायची मनाई झाली. चष्मेवाल्याने रस्त्यात त्याच्या पुढ्यात थुंकून दाखवलं. मेहुणा दुसऱ्या होडीवर गेला. त्याची बायको एकदा येऊन त्याचा रेनकोट आणि बूट घेऊन गेली, उंबऱ्याच्या आत आली नाही.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी मुका एकटाच होडी घेऊन गेला. सुकाणू गुडघ्यात धरून एका हाताने दोरी सोडायची, म्हणजे अर्धं काम. आजूबाजूला आठ होड्या होत्या. आता कोणी मान फिरवत नव्हतं, सरळ बघत होते. दुपारपर्यंत त्याला सहा लागले. चार अगदीच लहान होते. त्याने गळ सोडवून ते परत पाण्यात सोडले. एक जरा वेळ तिरका पडून राहिला, मग शेपटी मारून खाली गेला. पाचवा आणि सहावा त्याने ठेवला. पुढचे चार महिने घरी बसायचं होतं.

एक वाजता त्याने रेडिओ उचलला. बटण दाबलं. तोंडात आलेला शब्द गिळला.

"पाठ सोडली," तो म्हणाला. "तीन तास."

रेडिओ खरखरत राहिला. ऐकणारे बरेच होते, त्याला माहीत होतं. मग मेहुण्याचा आवाज आला.

"वारा मागून आहे का, दाजी?"

कुजकं बोलला की नुसतंच, ते त्या खरखरीत कळलं नाही.

"समोरून आहे," मुका म्हणाला.

घरी पोचला तेव्हा मुलगी दिसली नाही. पुढचं दार लोटलेलं होतं. तो वळसा घालून मागे गेला. शेगडी बारीक चालू होती आणि पातेल्यावरचं झाकण थरथरत होतं. दगडाशेजारी बादली भरलेली होती.

त्याने झाकण काढून बोट बुडवलं. भाजलं. भाजलेलं बोट हातात धरून तो काही वेळ उभा राहिला. मग त्याने बादली जवळ ओढली आणि विसण घालायला लागला.